पिवळ्या ओळी

खैरटोलीच्या मत्स्य सोसायटीत खुर्च्या दोन.
एकीवर कवडूजी मारबते, सचिव,
दुसरीवर संगणक.
मी बीजाच्या रिकाम्या डब्यावर, लॅपटॉप मांडीवर,
काळ्या पडद्यावर कर्सर मिचमिचत होता.

चौदा वर्षांचा कारभार एकाच एक्सेलात:
सभासद, बोडी, बीज किती सोडलं, मासळी किती निघाली.
जिल्ह्याला आता ते सगळं नव्या डेटाबेसात हवं,
आणि हाताने भरायचं तर
ओळी तीन हजार एकशे सहा.

म्हणून मी एक लहानसं अवजार लिहिलं.
बटण नाही, चित्र नाही.
'गरी' टाइप करायचं, पुढे फाइलचं नाव.
ते तक्ता गिळतं आणि मायग्रेशनच्या फायली काढून देतं,
क्रमांक घातलेल्या,
पहिली चालल्याशिवाय दुसरी चालत नाही.

"गरीले चारा काय लावतं?"
स्तंभांची नावं, मी म्हटलं.

आधी कोरडी तालीम.
डेटाबेसला हात लागत नाही,
काय झालं असतं तेवढंच दिसतं.
"आटल्या बोडीत पोराईले जाळं फेकाले लावतो आमी," ते म्हणाले,
"तसंच हे."
तसंच.

ओळ २१४ : तारीख समजली नाही, 'तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी'
ओळ ३८० : वजन हा आकडा नाही, 'दोन टोपले, वरून चार मरळ'
ओळ ३८१ : वजन हा आकडा नाही, 'वरच्यावानीच'
ओळ ९०२ : सभासद सापडला नाही, 'भागरताची सून'

मला वाटलं होतं, ते ओशाळतील.
ते बोटांच्या पेरांवर पोळे मोजत बसले,
अधिकमास कोणत्या साली आला ते आठवून
तारीख दिली मला, वारासकट.
टोपलं म्हणजे चौदा किलो.
"पण पारबताबाईचं असन तर सतरा. तिचं मोठं आहे."
मग मी टोपल्यांचं वेगळं टेबल केलं,
कोणाचं, किती किलोचं.
भागरताच्या सुनेचं नाव वेणू निघालं,
ते त्यांनाही
घरी फोन लावून विचारावं लागलं.

दुपारी तीनला एकही चूक उरली नाही.
मी पडदा त्यांच्याकडे वळवला.
त्यांनी चष्मा पुसला, वर-खाली पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"पिवळे कोठी गेले जी?"

पिवळे.
तक्त्यात एकसष्ट ओळी पिवळ्या होत्या.
गरीला रंग दिसत नाही. रकान्यात लिहिलंय तेवढंच ती वाचते.
मदतीच्या पानावर मीच लिहिलंय ते, एका ओळीत,
जणू रंग म्हणजे धूळ.

पिवळा म्हणजे काय, मी विचारलं. वारलेले?
"काही वारले."
गाव सोडून गेलेले?
"आता सीतकुरा हैदराबादले आहे, पर येते दिवाळीले."
ही तर बोडी आहे, माणूस नाही.
"तिच्यात आता रस्ता आहे."
मग पिवळ्याचा अर्थ काय लिहू?
ते बराच वेळ खिडकीतून
वाळत घातलेल्या जाळ्याकडे पाहत राहिले.
"पिवळा म्हणजे, लिवलं तसं नोहे.
मले विचारा."

हो-नाहीचा स्तंभ यात बसत नव्हता.
तारखेचा नाही, आकड्याचा तर नाहीच.
शेवटी साधा मजकुराचा केला,
नाव ठेवलं 'विचारा',
आणि एकसष्ट ओळींत त्यांचा फोन नंबर घातला.
एप्रिलात ते निवृत्त होतात,
हे मला माहीत होतं. त्यांनाही.
प्रत्येक फायलीला खालचा अर्धा भाग असतो,
केलेलं परत घेण्यासाठी.
त्यात मी लिहिलं: स्तंभ काढून टाका.
चालवून पाहिलं. वर, खाली, पुन्हा वर.
चालतं.

निघताना त्यांनी पळसाच्या पानात बोटऱ्या बांधून दिल्या
आणि जुन्याच तक्त्यात, एका बोटाने, नवी ओळ लिहिली,
संस्थेची मासळी आहे, नोंद पाहिजे.
मी सवयीने गरी चालवली.

ओळ ३१०७ : वजन हा आकडा नाही, 'मूठभर, संगणकाच्या पोरीले'